आतला ओघ

सज्जनहो, नदीचे पात्र रुंद असते तिथे पाणी संथ वाहते, आणि खडकांनी वाट आवळली की तेच पाणी जोराने धावू लागते. प्रकाशाच्या संगमावर तापीमाईचे दर्शन घेतलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. देहातल्या रक्ताचाही धर्म हाच. आज ज्या तपासणीचे चिंतन करायचे, तिचे मर्म एवढेच आहे.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर, सिकलसेल हा आजार पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. तो शिवल्याने होत नाही, आईबापांकडून येतो. रक्तातल्या गोल, मऊ पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात व वाटेत अडकतात. सांधे ठणकतात, अंगात रक्त राहत नाही, हे पुष्कळांना ठाऊक आहे. मेंदूवरचा घाला मात्र कित्येकदा मुका असतो. एखाद्या लहानशा भागाला रक्त पोहोचत नाही. हात लुळा पडत नाही, जीभ जड होत नाही. लेकरू नुसते अभ्यासात मागे पडते, आणि घरचे त्याला आळशी म्हणतात.

हे आधी कळावे कसे? आजारी मूल दोन वर्षांचे झाले की त्याच्या कानशिलावर लहानसे यंत्र टेकवून, ध्वनिलहरींनी मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा वेग मोजता येतो. सुई नाही, वेदना नाही. वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा जास्त भरला, तर वाट अरुंद झाली आणि पक्षाघाताचा धोका मोठा, असे समजावे. अशा मुलांना नियमित रक्त दिल्यास हा धोका नव्वद टक्क्यांहून अधिक घटतो, हे १९९८ साली अमेरिकेत सिद्ध झाले. मुका घाव एमआरआयमध्ये दिसतो. डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक वाहिन्या तर बाहुलीतूनच पाहता येतात.

आपला मृदंगी पुडीवर थाप मारून ती कुठे उतरली ते ओळखतो. पुडी फाटेपर्यंत तो वाट पाहत नाही.

कुणी म्हणेल, महाराज, हे तर प्रारब्धाचे भोग. सज्जनहो, प्रारब्ध मी जन्मभर कीर्तनातून सांगितले. ते स्वतःचे दुःख धीराने सोसण्यासाठी सांगितले आहे. लेकराचे दुःख हात बांधून पाहत बसावे, असा त्याचा अर्थ संतांनी कधी केला नाही.

या सगळ्याची पहिली पायरी साधी रक्ततपासणी आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत आदिवासी भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची ती केली जाते. काहींच्या रक्तात दोष एकाच बाजूने आलेला असतो. त्यांना वाहक म्हणतात. ते सहसा आजारी नसतात. नवराबायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भाला आजाराची शक्यता चारांत एक. एक वाहक आणि दुसऱ्याचे रक्त निर्दोष असेल, तर लेकराला हा आजार होत नाही. म्हणून सोयरीक जुळवताना पत्रिकेबरोबर दोन्हीकडचे रक्तही पाहा. पण वाहक म्हणून कुणाच्या लेकीला नाकारू नका. वारीत पायावर डोके ठेवताना आपण कुणाचे रक्त विचारतो का?

माझ्या कीर्तनकार बंधूंना एवढीच विनंती : सप्ताहात काल्याच्या प्रसादाआधी दोन मिनिटे काढा आणि हे सांगा. त्या मंडपात आळशी ठरलेले एखादे लेकरू बसलेले असेल.

राम कृष्ण हरी!