अब्बांची मतदार यादी

आमच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. अम्मीनं एकदा ती भंगारवाल्याला द्यायला काढली होती, तर अब्बा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. पेटीत जमिनीचे कागद नाहीत, दागिने तर नाहीतच. आहेत त्या जुन्या मतदार याद्या. १९९१ पासूनच्या प्रत्येक निवडणुकीची एक. पिवळ्या पडलेल्या, कडा कुरतडलेल्या.

प्रत्येक नावापुढं अब्बांची पेन्सिलची खूण आहे. मत देऊन गेला त्याच्यापुढं टिंब. परदेशी असेल त्याच्यापुढं 'कु', 'सौ' किंवा 'दु', म्हणजे कुवेत, सौदी, दुबई. वारलेल्या माणसाच्या नावावर आडवी रेघ आणि खाली बारीक उर्दूत 'मरहूम'. आमच्या मोहल्ल्याचा तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास कुणाला लिहायचा असेल तर त्यानं ही पेटी उघडावी. कोण कधी कुवेतला गेला, कुणाची सून कधी आली, कोण कधी गेलं, सगळं तिच्यात आहे.

अब्बा काँग्रेसचे. पद कधी मिळालं नाही, मागितलंही नाही. मतदानाच्या दिवशी फजरची नमाज पढून केंद्रावर जायचं, पोलिंग एजंट म्हणून बसायचं, संध्याकाळी सही करून उठायचं. हे त्यांचं पक्षातलं काम. घरची परंपराच तशी होती. दादीला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण चिन्हं पाठ होती. आधी बैलजोडी, मग गाय-वासरू, मग पंजा. चिन्ह बदललं तरी माणसं तीच आहेत ना, एवढं ती विचारायची आणि शिक्का मारून यायची.

अब्बांचं पहिलं मत १९८० चं. त्याच वर्षी म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचा माणूस, बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले, महाराष्ट्राचा मुख्यमंत्री झाला. ही गोष्ट आजच्या मुलांना सांगून समजत नाही. आपल्यासारखं बोलणारा, आपल्याच खाडीकाठचा मुसलमान राज्याच्या खुर्चीवर बसला आणि त्यानं कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड केलं, निराधारांसाठी संजय गांधी योजना आणली. सिमेंटच्या प्रकरणात १९८२ च्या जानेवारीत त्यांना जावं लागलं, तेही अब्बा लपवत नाहीत. पण म्हणतात, "त्या दीड वर्षात आम्ही मान वर करून चालायला शिकलो." कुवेतवर इराकी फौजा आल्या तेव्हा अब्बा तिथली नोकरी सोडून रिकाम्या हातानं परतले. दुसऱ्या वर्षी निवडणूक आली, अंतुले उभे होते. अब्बा पहिल्यांदा एजंट म्हणून बसले. तिथून ही पेटी सुरू झाली.

२००४ साली अंतुले पुन्हा लोकसभेत गेले. राज्यातल्या अठ्ठेचाळीस खासदारांत ते एकटे मुसलमान. २००६ मध्ये केंद्रात अल्पसंख्याक खातं नव्यानं निघालं, त्याचे पहिले मंत्री तेच. सच्चर समितीचा अहवाल त्याच वर्षीचा. पुढं मुलांसाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. ते फॉर्म मी स्वतः रात्री जागून भरले आहेत, तेव्हा पक्षानं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. २००९ ला अंतुले हरले. शिवसेनेच्या अनंत गीतेंनी त्यांचा मोठ्या फरकानं पराभव केला. त्या यादीच्या शेवटच्या पानावर अब्बांनी काही लिहिलेलं नाही. नुसती तारीख आहे.

माझी तक्रार इथून पुढं सुरू होते.

२००९ नंतर आमच्या रायगडच्या लोकसभेच्या यंत्रावर पंजा आलाच नाही. २०१४ ला जागा राष्ट्रवादीला गेली. तालुक्याचे पुढारी आले, म्हणाले, "भाई, घड्याळाचं काम करायचं. भगवा थांबवायचा आहे." अब्बा घरोघरी फिरले. सुनील तटकरे अवघ्या २,११० मतांनी पडले, आणि त्यांच्याच नावाचा एक अपक्ष नऊ हजारांहून जास्त मतं घेऊन गेला. अब्बा आठवडाभर हळहळले. म्हाताऱ्यांना चिन्ह नीट समजावलं नाही, ही चूक आपली, असं स्वतःला दोष देत राहिले. २०१९ ला पुन्हा तीच लढत, पुन्हा तेच सांगणं. या वेळी तटकरे निवडून आले. अब्बांनी यादी समाधानानं पेटीत ठेवली.

२०२३ च्या जुलैत राष्ट्रवादी फुटली आणि ज्यांच्यासाठी अब्बा उन्हातान्हात फिरले ते भाजपच्या बाजूला जाऊन बसले. शिवसेना त्याआधीच फुटली होती. २०२४ च्या एप्रिलमध्ये तेच तालुक्याचे पुढारी पुन्हा आमच्या ओटीवर आले. चहा झाला. म्हणाले, "भाई, या वेळी मशालीचं काम करायचं. गीतेसाहेबांना निवडून आणायचं, घड्याळ पाडायचं."

अब्बा काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "मी कोणत्या तोंडानं जाऊ?"

पुढाऱ्यांना हा प्रश्न कळला नाही. त्यांना वाटलं, अब्बांचा शिवसेनेला विरोध आहे. तसं नव्हतं. कोविडच्या काळात उद्धव ठाकरे ज्या रीतीनं बोलले, त्यांनी आम्हाला वेगळं काढलं नाही, हे अब्बांनी मोकळेपणानं मान्य केलं होतं. राजकारणात माणसं बदलतात, आघाड्या बदलतात, तेही त्यांना समजतं. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. ज्या दारात जाऊन दोनदा सांगितलं की घड्याळ दाबा, नाहीतर हे येतील, त्याच दारात आता सांगायचं की यांनाच आणा. आमच्या शेजारच्या एका बेवा चाचीनं त्यांना विचारलंसुद्धा, "भाई, मागच्या खेपेला तुम्हीच घड्याळ म्हणालात. तेव्हा खोटं बोललात की आता?"

मी त्या रात्री बराच विचार केला. अब्बांकडे पैसा नाही, पद नाही. मोहल्ल्यात त्यांचा शब्द आहे, एवढीच त्यांची कमाई. लोक मत पक्षाला देत नव्हते, अब्बांच्या शब्दाला देत होते. पक्षानं हा शब्द वर्षानुवर्षं वापरला, जसा दुकानदार उधारीवर माल उचलतो तसा. फेडायला मात्र कुणी आलं नाही. निदान निर्णय घेण्याआधी एकदा येऊन, बसून, "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारायला हवं होतं. आमच्याकडे निर्णय मुंबईहून येतो, कधी दिल्लीहून येतो. मोहल्ल्यात येतो तो फक्त निरोप.

अब्बांनी त्या दिवशी पुढाऱ्यांना आणखी एक प्रश्न केला, "पाच टक्क्यांचं काय झालं?"

याची थोडी हकीकत सांगायला हवी. डॉ. महमूद-उर-रहमान समितीनं २०१३ मध्ये राज्यातल्या मुसलमानांच्या स्थितीवर अहवाल दिला. जुलै २०१४ मध्ये काँग्रेस आघाडी सरकारनं मराठा समाजाला सोळा टक्के आणि मुस्लिमांमधल्या मागास गटांना पाच टक्के आरक्षणाचा वटहुकूम काढला. पंधरा वर्षं सत्ता होती आणि वटहुकूम निघाला तो विधानसभेच्या निवडणुकीला तीन महिने उरले असताना. तरी अब्बा आनंदले. मोहल्ल्यातल्या पाच-सहा मुलांचे कागद घेऊन स्वतः तहसील कचेरीत खेटे घालून आले. नोव्हेंबरात उच्च न्यायालयानं नोकऱ्यांतलं आरक्षण थांबवलं, पण मुस्लिमांचं शिक्षणातलं पाच टक्के चालू ठेवायला हरकत घेतली नाही. नव्या सरकारनं कायदा केला नाही आणि वटहुकूम मेला. त्याचा राग आम्ही भाजपवर काढला, ते स्वाभाविक होतं. पण २०१९ च्या नोव्हेंबरात आपल्या मतांची आघाडी सत्तेवर आली. फेब्रुवारी २०२० मध्ये शिक्षणातल्या पाच टक्क्यांसाठी कायदा आणू, असं विधिमंडळात सांगितलं गेलं. सरकार २०२२ च्या जूनपर्यंत राहिलं. कायदा आला नाही.

अब्बांच्या प्रश्नावर पुढारी म्हणाले, "भाई, आत्ता ते विषय नकोत. आधी संविधान वाचवायचंय."

मी आत चहाचे कप धूत होते. मला बाहेर येऊन म्हणावंसं वाटलं की साहेब, संविधान आम्ही शाळेत रोज शिकवतो. प्रश्न विचारण्याचा हक्कही त्यातच लिहिलेला आहे. पण बोलले नाही. आमच्या ओटीवर पुरुष बोलत असताना बायका बाहेर येत नाहीत. या गोष्टीकडे मी पुन्हा येणारच आहे.

त्याच महिन्यात आघाडीची यादी पूर्ण झाली. राज्यात अठ्ठेचाळीस जागा, २०११ च्या जनगणनेप्रमाणं आमची लोकसंख्या ११.५४ टक्के, आणि आघाडीचा एकही उमेदवार मुसलमान नाही. माजी मंत्री नसीम खान यांनी निषेध म्हणून प्रचाराची जबाबदारी सोडली, तेव्हा वर्तमानपत्रात दोन दिवस चर्चा झाली. मुसलमानालाच मत द्यावं असं मी मानत नाही. अब्बांनी आयुष्यभर कितीतरी हिंदू उमेदवारांसाठी याद्या रंगवल्या. पण "तुमचा माणूस उभा केला तर दुसरी मतं फुटतात" हे कारण ऐकायला मिळतं तेव्हा मनात येतं, आमच्या मतानं तुमचा माणूस निवडून येतो, आणि आमचा माणूस तुमच्या मतदाराला चालणार नाही असं तुम्हीच धरून चालता. मग त्या मतदाराला समजावण्याचं काम कुणाचं? अब्बा आमच्या मोहल्ल्यात जे करत होते ते त्यांच्या मोहल्ल्यात कुणी करायचं?

दहावीच्या वर्गात मी राजकीय पक्षांचा धडा शिकवते. पक्ष जनता आणि सरकार यांच्यातला दुवा असतो, हे मी उर्दूत फळ्यावर लिहिलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "टीचर, हमारे यहाँ तो ये इलेक्शन के इलेक्शन आते हैं।" वर्ग हसला. मीही हसले. मग पुढचा मुद्दा लिहिला, कारण परीक्षेत तोच येतो.

७ मे २०२४ ला मतदान झालं. माझी ड्यूटी दुसऱ्या गावात होती. दिवसभर लोकांच्या बोटाला शाई लावत होते आणि मनात अब्बांचा विचार. त्या वर्षी ते एजंट म्हणून बसले नाहीत. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा. माळ्यावरची पेटीही उघडली नाही. पण दुपारी काठी घेऊन गेले आणि मत देऊन आले. कुणाला दिलं ते सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. तटकरे ब्याऐंशी हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. राज्यात काँग्रेसला तेरा जागा मिळाल्या. टीव्हीवर गुलाल उडत होता. अब्बा म्हणाले, "बरं झालं," आणि बागेत पाणी घालायला गेले.

त्या रात्री जेवताना अब्बांनी पुन्हा विषय काढला. पक्षानं आपल्याला विचारलं नाही, गृहीत धरलं, म्हणून बोलत राहिले. अम्मी भाकरी वाढत होती. ती सहज म्हणाली, "तुम्हाला एका वर्षात एवढं लागलं. चाळीस वर्षं तुम्ही मला चिन्ह सांगत आलात. मला कधी विचारलंत, तुला काय वाटतं?"

कुणी काही बोललं नाही. अब्बांचा हात ताटात थांबला. मला वाटलं, आता रागावतील. ते रागावले नाहीत. बऱ्याच वेळानं म्हणाले, "बोल. काय वाटतं तुला?"

अम्मी म्हणाली, "सरकारी दवाखान्यात बायकांची डॉक्टर पाहिजे. बाळंतपणाला पोरींना महाड-माणगावला न्यायला लागतं. हे तुमच्या पुढाऱ्याला कुणी सांगितलंय कधी?"

खरंच, कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही ईदला शीरखुर्मा पाजला, फोटो काढले, इफ्तारला पुढाऱ्याला मानानं मध्ये बसवलं. मशिदीची कंपाउंड वॉल मागितली, कब्रस्तानचा रस्ता मागितला. बायकांना काय हवं, शाळेला काय हवं, हे मागण्यांच्या यादीत आलंच नाही, कारण यादी करताना त्यांना कुणी बसवलंच नव्हतं. नेत्यांनी आम्हाला गृहीत धरलं हे खरं, पण गृहीत धरायची रीत आमच्या घरातही होती. भीतीनं दिलेल्या मताला हिशेब मागायची हिंमत नसते. आम्ही प्रत्येक वेळी 'कोण नको' एवढंच ठरवलं, 'काय हवं' ते ठरवलं नाही.

नोव्हेंबरात विधानसभा आली. आमच्या श्रीवर्धन मतदारसंघात त्याही वेळी यंत्रावर पंजा नव्हता. आघाडीचे कार्यकर्ते ओटीवर आले. या वेळी अब्बांनी आतून अम्मीला बोलावलं, मला बोलावलं, शेजारची ती बेवा चाचीही आली. अब्बांनी एका जुन्या यादीच्या पाठकोऱ्या पानावर मराठीत मुद्दे लिहून ठेवले होते. पहिला मुद्दा, बायकांची डॉक्टर. दुसरा, उर्दू शाळांतल्या शिक्षकांच्या रिकाम्या जागा. तिसरा, पाच टक्के. चौथा, उमेदवार ठरवताना तालुक्यातल्या माणसाला विचारणार का?

कार्यकर्ते तरुण होते, माझ्या विद्यार्थ्यांएवढे. थोडे गोंधळले. एकानं कागद वाचला, म्हणाला, "चाचा, वरती कळवतो." चहा पिऊन घाईनं उठले, अजून सहा वाड्या करायच्या होत्या.

ते गेल्यावर मी कप उचलायला गेले. कागद बशीखाली तसाच होता. त्यावर चहाचा गोल डाग पडला होता. मला फार वाईट वाटलं. अब्बांनी मात्र कागद उचलला, पदराला पुसायला अम्मीकडे दिला, खिडकीत वाळत ठेवला. संध्याकाळी शिडी लावून स्वतः माळ्यावर चढले आणि पेटीत सगळ्यांत वर तो ठेवला.

"पुन्हा येतीलच की," ते म्हणाले. "पुन्हा देऊ. या वेळी दोन प्रती काढ, एकीवर त्यांची सही घेऊ."

मी शाळेतून दोन प्रती काढून आणल्या आहेत.