धारेला पाठवण्याआधी

पुणे

चि. बाळ यास,

तुझं पत्र मिळालं. कुडाळच्या कारखान्यातलं गोल करवतीचं दहा इंची पातं वरचेवर धारेला जातं, तरी सागाच्या फळ्यांच्या कडा करपतात, तेव्हा नवंच घ्यावं का, असं तू विचारतोस. पैसे खर्च करण्याआधी जुनं पातं मशीनवरून उतरव आणि एकच दात उजेडात धरून नीट बघ. दाताच्या टोकाला बसवलेल्या टिपेच्या मागं आणि दोन्ही अंगांना तपकिरी, चकचकीत पापुद्रा बसलेला दिसेल. नखानं खरवडून तो निघायचा नाही. लाकडातली राळ, तेल आणि जळका भुसा यांचं ते पुट. कड करपण्याचं मूळ बहुतेक वेळा तिथंच असतं.

टीप मागच्या पोलादी चकतीपेक्षा किंचित रुंद ठेवलेली असते. तिनं पाडलेल्या खाचेतून चकती न घासता जावी, एवढ्यासाठीच. चकतीच्या अंगांना उरणारी ती मोकळी जागा राळेनं भरली की घर्षण सुरू होतं. दहा इंची पातं मिनिटाला चार हजार फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग ताशी 190 किलोमीटरच्या घरात जातो. त्या वेगानं घासल्यावर लाकूड करपणारच. शिवाय उष्णतेनं राळ मऊ होऊन आणखी चिकटते, कडेचं पोलाद प्रसरण पावतं, पातं लहरायला लागतं आणि काप तिरका येतो. चकतीच्या कडेला बारीक चिरा दिलेल्या असतात त्या या प्रसरणाला वाव मिळावा म्हणून. त्याही बुजलेल्या असतील तर साफ कर.

मग पातं खरंच बोथट झालंय की नुसतं मळलंय, हे ओळखायचं कसं? धुऊन झाल्यावर टिपेची धार दिव्याकडे करून भिंगातून पाहायची. धार शाबूत असेल तर तिच्यावर उजेड थांबत नाही. बोथट असेल तर कडेवर बारीक पांढरी रेघ चमकते. सागात सिलिका असते, ती धार खरोखर खाते, आणि प्लायवुडमधला गोंदही काही कमी नाही. म्हणून रेघ चमकली तर पातं जरूर धारेला पाठव, पण धुऊन बघितल्याशिवाय नको.

धुताना ही टीप कशाची बनली आहे ते ध्यानात ठेव. टंगस्टन कार्बाइडचे अतिशय कठीण कण कोबाल्टमध्ये बांधून ती तयार होते. जर्मनीत कार्ल श्र्योटर यांनी 1923 च्या सुमारास ही रीत शोधली आणि क्रुप कंपनीनं त्याच दशकात तो माल ‘विडिया’ या नावानं बाजारात आणला. आपले मिस्त्री आजही विडियाच म्हणतात. कण कितीही कठीण असले तरी टीप ठिसूळ असते. पातं लोखंडी टेबलावर आपटून ठेवलं तर तिचा टवका उडतो. स्क्रू-ड्रायव्हरनं किंवा पोलादी पट्टीनं राळ खरवडणं तर पूर्ण बंद कर. कॉस्टिक सोड्याच्या वाटेलाही जाऊ नकोस. राळ त्यानं झटपट सुटते हे खरं, पण पात्यावरचा न चिकटणारा लेप जातो आणि हातही भाजतात.

साधा उपाय पुरतो. आधी मशीनचा प्लग काढायचा, मगच पात्याला हात लावायचा. पसरट परातीत कोमट पाणी घेऊन त्यात भांडी घासण्याचा साबण घालायचा, पातं त्यात आडवं बुडवायचं आणि पापुद्रा मऊ झाला की जुन्या टूथब्रशनं किंवा पितळी तारांच्या ब्रशनं एकेक दात घासायचा. हट्टी डागाला रॉकेलचा बोळा चालतो, जवळ विस्तव मात्र नको. शेवटी स्वच्छ पाण्यानं धुऊन लगेच कोरडं करायचं. ‘वाळेल आपोआप’ म्हणून सोडलेल्या पात्यावर कोकणात एका रात्रीत तांबूस छटा येते.

पात्यासारखीच राउटरची बिटंही धुवायची, पण त्यांचं तंत्र थोडं वेगळं. ज्या बिटाला बेअरिंग असतं त्याचं बेअरिंग आधी सोडवून बाजूला ठेव, कारण पाण्यानं आणि रॉकेलनं आतलं ग्रीस धुऊन जातं. बिटाचा दांडाही पुसायला हवा आणि तो धरणाऱ्या कोलेटमधला भुसाही झाडायला हवा. दांड्यावर गंज किंवा कोलेटमध्ये भुसा असेल तर पकड सुटते, आणि फिरतं बिट निसटलं तर माणसाला इजा होते. एवढ्या बाबतीत हयगय करू नकोस.

आता पाऊस तोंडावर आला आहे. खंडेनवमीला हत्यारं घासूनपुसून पूजेला मांडायची आपली रीत चांगलीच, पण ती येते पावसाळा सरल्यावर. तोवर दमट हवेनं आणि खाऱ्या वाऱ्यानं आपलं काम उरकलेलं असतं. म्हणून चकतीला आणि बिटाच्या दांड्याला शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात आत्ताच दे. दांडा राउटरमध्ये बसवताना मात्र ते तेल पुसून काढ. जवसाचं तेल नको, ते वाळून चिकट होतं. सिलिकॉनचा स्प्रेही नको, लाकडाला लागला तर पॉलिश फुटतं. पाती एकमेकांना चिकटवून न ठेवता मध्ये पुठ्ठा घालून टांग. बिटांच्या डबीतला स्पंज ओल धरतो, तो काढून टाक आणि सुक्या लाकडाच्या ठोकळ्यात भोकं पाडून बिटं उभी ठेव. खैर किंवा बाभळीचं ओलं लाकूड कापलंस तर त्याच दिवशी पातं पूस. त्यातलं टॅनिन आणि लोखंड मिळून काळेनिळे डाग पडतात आणि ते पुढच्या फळीवरही उमटतात.

धार लावणारा दर खेपेला टिपेचा थोडा भाग घासून काढतो आणि टीप पुन्हा वाढत नाही. तेव्हा उद्या पातं उतरवून धू, सागाची तीच फळी पुन्हा काप आणि कड कशी आली ते मला लगेच कळव.

तुझा,
मामा