नवा लॅपटॉप घेण्याआधी जुन्यात डोकावून बघा

तुमच्या घरातही असा एक लॅपटॉप असेलच. सुरू करायचा, गॅसवर चहा ठेवायचा, चहा गाळून आणायचा, तरी स्क्रीनवरचं ते वर्तुळ फिरतंच आहे. आमच्याकडे तो बाबांचा, २०१६ सालचा. मी कंटेंट रायटर; शिक्षण बीए इंग्रजी, पण घरातली ‘कॉम्प्युटरवाली’ मीच. त्यामुळे ‘‘नवीनच घेऊन टाकू का गं?’’ हा प्रश्न माझ्याकडे आला. नवीन म्हणजे चाळीसएक हजार, आणि तेही बाबांची एफडी मोडून.

दुकानात जाण्याआधी एवढं करा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात डिस्कचा आकडा सतत १०० टक्क्यांना टेकलेला असेल, तर दुखणं बहुतेक वेळा फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कचं असतं. आमचं तेच निघालं. तिच्या जागी एसएसडी बसवली, रॅम ४ जीबीची ८ जीबी केली. आता चहाला उकळी येण्याआधी लॅपटॉप तयार असतो. रॅम घेताना मात्र मॉडेल बघून घ्या. डीडीआर३च्या खाचेत डीडीआर४ बसत नाही आणि काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच जोडलेली असते.

वेग आला, तरी विंडोज ११ काही आलं नाही. त्याला टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. बाबांचा सहाव्या पिढीचा. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. म्हणजे लॅपटॉप बंद पडत नाही, सुरक्षेचे अपडेट थांबतात. आम्ही वर्षभराच्या वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केली. पुढे लिनक्स मिंट टाकून बघू, तेही फुकट आहे. अपडेट न मिळणाऱ्या कॉम्प्युटरवर बँकेचे व्यवहार नकोत, याबाबत मी घरात कुणाचं ऐकत नाही.

पण खरी गोष्ट या सगळ्याच्या आधीची. दुरुस्तीवाला सहज म्हणाला, ‘‘फॉरमॅट मारून देतो, सगळं साफ.’’ बाबांनी लॅपटॉप चक्क मागे ओढला. त्यात आजीच्या ओव्या होत्या. आजी सांगायची आणि बाबा रात्री जेवणं झाल्यावर टाइप करायचे. जुन्या डेस्कटॉपवरून त्या फाइली इथे आल्या होत्या. आजी आता नाही.

फाइली पेनड्राइव्हवर घेऊन माझ्या लॅपटॉपवर उघडल्या, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी. बाबांचा चेहरा उतरला. खरं तर काहीच गेलं नव्हतं. टायपिंग होतं शिवाजी फॉन्टमध्ये. युनिकोडच्या आधीच्या अशा फॉन्टमध्ये मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. फॉन्ट नसला, की खालची रोमन अक्षरं उघडी पडतात. तुमच्याकडेही जुनी पत्रं, हिशेब, वंशावळ असेल, तर फाइलींबरोबर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधला तो फॉन्टही कॉपी करा. जुन्या मशीनवर फाइल नीट दिसतेय तोवरच तिची पीडीएफ काढून ठेवा. मग कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि तो पीडीएफशी ताडून वाचा. रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी हमखास भलतीकडे जाऊन बसतात.

आम्हाला दोन रविवार लागले. मी वाचायची, बाबा दुरुस्त करायचे. एका ओवीत एक शब्द अडला, तो पीडीएफमध्येही तसाच अर्धवट होता. बाबांनी बडोद्याला आत्याला फोन लावला. तिने शब्द सांगितलाच नाही, आधी अख्खी ओवी म्हणून दाखवली.