भाडेकरूचं आधार कार्ड

सुकापूर, नवीन पनवेल

ती. दादास,


तुझ्या फ्लॅटचा अकरा महिन्यांचा करार रजिस्टर झाला. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरीच आला. कुलमुखत्यारपत्र माझ्या नावे असल्याने तुझ्या वतीने अंगठा मी दिला. जोडपं नीटनेटकं आहे, भाडं वेळेवर येईल असं वाटतं.

आता फोनवर तू म्हणालास त्याविषयी. एआयमुळे बनावट व्हिडिओ येतील, हुबेहूब आवाज काढून लोकांना लुबाडतील, याची तुला धास्ती. आणि त्याच दमात म्हणतोस, ‘आपल्यासारख्या साध्या माणसाची माहिती घेऊन कुणी काय करणार?’ ही दोन्ही मतं एकाच डोक्यात सुखाने कशी नांदतात, देव जाणे!

या भाडेकरू मुलाचं आधार कार्ड कुठे कुठे गेलं ते ऐक. आधी ब्रोकरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, तिथून माझ्या, माझ्याकडून तुझ्या. मग करार करणारा एजंट, पोलीस व्हेरिफिकेशन, सोसायटीचं ऑफिस. तिथलं कपाट उघडलं की सोडून गेलेल्या भाडेकरूंच्याही फायली अंगावर येतात. एका झेरॉक्सच्या कोऱ्या बाजूवर कुणीतरी पाण्याच्या टँकरचा हिशेब मांडलाय. पुढच्या बाजूने एक बाई फोटोतून बघतेय, खाली तिचा बारा आकडी नंबर.

आजवर हा ढीग निरुपद्रवी होता, कारण तो वाचायला कुणाला वेळ नव्हता. आपला बचाव कायद्याने नाही, लोकांच्या आळसाने केला. एआयला मात्र कंटाळा येत नाही. अशा हजारो फोटोंतून नाव, जन्मतारीख, पत्ता, चेहरा वेगळा काढून मोबाइल नंबरशी जोडणं हा त्याच्या हातचा मळ. मग ‘डिजिटल अरेस्ट’वाला खोटा पोलीस फोनवर आपला पत्ता घडाघडा म्हणतो, आणि शिकलेला माणूसही गांगरतो.

कायदा आहे की. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. माहिती संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला, नियम यायला नोव्हेंबर 2025 उजाडलं, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे दीड वर्षाची मुदत. दंड अडीचशे कोटींपर्यंत. पण तो आकडा ऐकून आमचे सेक्रेटरी कपाट आवरतील, हे काही मला पटत नाही.

सरकारचंही धड एक मत नाही. मे 2022 मध्ये आधारच्या बेंगळुरू कार्यालयाने सांगितलं, झेरॉक्स सरसकट कुणाला देऊ नका, पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार द्या. दोनच दिवसांत ती सूचना मागे घेतली, लोकांचा गैरसमज होईल म्हणून! सल्ला मात्र सोळा आणे खरा होता. मास्क्ड आधार आजही आधारच्या वेबसाइटवरून फुकट उतरवता येतं. करार रजिस्टर करताना पूर्ण नंबर लागतो, तिथे इलाज नाही. ब्रोकरला आणि सोसायटीला तो कशाला हवा? मी या वेळी तसं विचारलं. सेक्रेटरी म्हणाले, ‘सगळेच देतात हो.’ मी मास्क्डच दिलं, आणि त्यांनी ते मुकाट्याने घेतलं.

तेव्हा तू दोन कामं कर. भाडेकरूच्या कार्डाचा फोटो तू कौतुकाने आपल्या फॅमिली ग्रुपवर टाकलायस, तो आजच ‘सगळ्यांसाठी’ डिलीट कर. होत नसेल तर घरातल्या कुणाला तरी सांग. आणि सोसायटीच्या फायलीसाठी तुझं मास्क्ड आधार पाठव. ग्रुपवर नको, मलाच.

तुझी धाकटी बहीण