एक पिकअप विकणे आहे

मंडळी, एक गाडी विकायची आहे. माझी नाही, आमच्या पोलादपूर तालुक्यातल्या एका दुकानदार मित्राची. महिंद्राची बोलेरो कॅम्पर, फोर बाय फोर, 2010 चं मॉडेल, एकच मालक. पुढे दोन रांगा सीट, मागे हौदा. कोकणच्या पावसात पंधरा वर्षं काढूनही चेसिसला गंज नाही. कारण साधं आहे, दर मे महिन्यात खालून रंग आणि दसऱ्याला धुऊन-पुसून ग्रीस. पाटे एकदा बदललेत, क्लच प्लेट दोनदा. इंजिनाला अजून हात लावलेला नाही.

नंबर इथे टाकत नाही. कारण ही पोस्ट जाहिरातीसाठी नाही.

फोर बाय फोर म्हणजे काय, ते शहरातल्या मित्रांसाठी सांगतो. साध्या पिकअपची फक्त मागची चाकं ओढतात. चिखलात ती जागेवरच फिरायला लागली की खेळ खलास. या गाडीत गिअरच्या शेजारी आणखी एक छोटा दांडा असतो. तो टाकला की ताकद पुढच्या चाकांनाही जाते. 'लो'मध्ये टाकला तर वेग मरतो, पण ओढ वाढते, आणि गाडी बैलासारखी पाऊल रोवत चढते. डांबरावर तो टाकायचा नसतो, टायर आणि गिअर दोन्ही खातात.

आमच्याकडे डांबर जिथे संपतं, तिथून पुढे वाड्या सुरू होतात. 108 ची रुग्णवाहिका फाट्यापर्यंत येते. फाट्याच्या वर तीन किलोमीटर लाल मातीचा चढ. जुलैत त्या चढावर जी एकच गाडी चढते, ती ही. रेशनचं धान्य, गॅसच्या टाक्या, शाळेची पुस्तकं तिनेच वर नेली. आणि अडलेल्या बाया, साप चावलेली माणसं तिनेच खाली आणली. 22 जुलै 2021 ला शेजारच्या महाड तालुक्यात तळीयेवर दरड कोसळली. त्यानंतर आमच्याकडे पावसाचा जोर वाढला की वाडीतली म्हातारी माणसं आधी विचारतात, "शेठची गाडी घरी आहे ना?"

आता कडू भाग. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसं बसवणं कायद्यात बसत नाही. उद्या काही झालं तर विमा कंपनी हात वर करणार, आणि पोलिसात नाव मित्राचं जाणार. हे त्याला पंधरा वर्षं ठाऊक आहे. तरी रात्री दोनला दार वाजलं की तो चावी घेऊन उठतो.

मग विकतोय का? गाडी आठ वर्षांपुढे गेली की दरवर्षी पासिंग. त्याचे गुडघे गेलेत, मुलगा नवी मुंबईत. सरकारी गाडी असती तर 1 एप्रिल 2023 च्या नियमाने पंधरा वर्षं भरताच भंगारात गेली असती. खासगी आहे, फिटनेस मिळतो, म्हणून किंमत येते. पुण्याची दोन पोरं बघून गेली. त्यांना रुंद टायर लावून डोंगरात हौसेला फिरवायची आहे. त्यांचं काही चुकत नाही, पैसेही चांगले देतायत. मित्राने या पैशावर पाणी का सोडावं?

प्रश्न त्याला विचारायचाच नाही. एका दुकानदाराच्या भलेपणावर आपण अख्ख्या वाड्यांची आरोग्यसेवा पंधरा वर्षं चालवली आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. गाडी जाईल तेव्हा खड्डा दिसेल.

म्हणून 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत दोन ठराव मांडूया. एक, फाट्यापासून वरपर्यंत पक्का रस्ता, निदान चढाच्या वळणांवर काँक्रीट. दोन, रस्ता होईपर्यंत पावसाळ्याचे चार महिने रीतसर परवाना आणि विमा असलेली एक फोर बाय फोर रुग्णवाहिका. ठराव लेखी घ्या, इतिवृत्तात नोंद झाली का ते बघा, प्रत मागा. मला पाठवा, मी छापतो.

पुण्याची पोरं गणपतीनंतर गाडी न्यायला येणार आहेत. तेव्हाही पाऊस संपलेला नसेल.