मास्टर कॅसेट

व्हीसीआर आमच्या घरी पहिल्यांदा आला तो भाड्याने. उन्हाळ्याच्या सुट्टीत चिपळूणला वाडीतले सगळे वर्गणी काढून एका रात्रीपुरता व्हीसीआर, रंगीत टीव्ही आणि तीन पिक्चर आणायचे. दुसरा संपेपर्यंत निम्मी पोरं सतरंजीवर आडवी. चित्र थरथरलं की एखादा काका मोठ्या अधिकाराने ट्रॅकिंगचं बटण फिरवायचा.

१९९२ साली ताईच्या लग्नात शूटिंगवाला आला. खांद्यावर कॅमेरा, मागे हॅलोजन धरलेला पोरगा, आणि त्या झोतात डोळे मिचकावणारं सगळं वऱ्हाड. पुढे मिक्सिंग होऊन कॅसेट आली : बदामात ताई, बदामात भावोजी, आणि सीमांतपूजनापासून पाठवणीपर्यंत हिंदी गाणी. मूळ कॅसेट शूटिंगवाला पुसून पुढच्या लग्नाला वापरणार होता. वडिलांनी कोऱ्या कॅसेटचे पैसे देऊन त्याही ठेवून घेतल्या. ‘पैसे वर आलेत,’ असं आई त्यावर कितीतरी वर्षं म्हणत होती.

२०१६च्या जुलैत जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआर बनवणं थांबवल्याची बातमी वाचली, आणि मी चिपळूणच्या कपाटातल्या कॅसेट पुण्याला आणल्या. कोकणची हवा कशाला सोडते! कॅसेटच्या खिडकीतून पाहिलं तर एका रिळाच्या कडेवर पांढरी भुकटी. ती बुरशी. तशी कॅसेट मशीनमध्ये घातली तर हेडला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटलाही. ती आधी साफ करून घेतली.

कॅसेटची डीव्हीडी करून देणाऱ्या दुकानात ‘क्वालिटी एकदम क्लिअर करून देतो’ अशी पाटी असते. तिच्यावर विश्वास ठेवू नये. पाल पद्धतीच्या व्हीसीआरमध्ये हेडचा ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो आणि अर्ध्या इंची टेपवर तिरक्या रेघांत चित्र वाचतो. टेप सैल झाली की प्रत्येक ओळ जराशी पुढेमागे सरकते. उभा खांब वाकडा दिसतो तो त्यामुळे. टाइम बेस करेक्टर नावाचं उपकरण या ओळी पुन्हा वेळेवर रांगेत लावतं. पण टेपवर जे उमटलंच नाही ते कोण आणणार? डीव्हीडीची चौकट ७२० बाय ५७६ ची, व्हीएचएसमध्ये तेवढा तपशील मुळात नसतो. जपायचं ते आहे तेवढंच. त्यातही ४.७ जीबीच्या तबकडीवर तासाभराचंच चित्रण घ्यावं. जुन्या टेपचे दाणे एमपेग-२ला तपशीलच वाटतात, तो त्यांच्यावर जागा उधळतो. सहा तास कोंबले की चेहऱ्यांचे चौकोन होतात.

मिक्सिंगची कॅसेट म्हणजे नकलेची नक्कल. रंग पसरलेले, ताईचा शालू नुसता लाल ढग. मूळ कॅसेट लावली आणि त्याच शालूचे काठ दिसले. त्याहून मोठी गोष्ट आवाजाची. व्हीएचएसचा साधा आवाज टेपच्या कडेला, गाण्याच्या कॅसेटच्या निम्म्या वेगाने नोंदला जातो. त्यामुळे तो दबका. तरी होता! मिक्सिंगवाल्याने गाणी टाकताना तोच पुसला होता. म्हणजे आमच्या घरच्या लग्नाची क्वालिटी काळाने नव्हे, पहिल्याच महिन्यात मिक्सिंगच्या दुकानाने घालवली होती. मूळ कॅसेटवर आजी चौथं मंगलाष्टक चक्क सूर सोडून म्हणते आहे, भटजी तिला आवरतात, आणि कुणीतरी ‘पंगत बसली, पाणी वाढा रे’ असं ओरडतो. चित्राच्या तळाशी हेड बदलताना येणारी ती थरथरती पट्टी मी कापू दिली नाही. तिच्यासाठी चौकट छाटायची म्हणजे पंगतीतली पानं जायची.

दोन्हींच्या डीव्हीडी केल्या, फायली हार्ड डिस्कवर ठेवल्या, कारण आताच्या लॅपटॉपला तबकडीचा कप्पाच नसतो. मूळ कॅसेटही ठेवल्या आहेत, आता डबा कोरडा आहे. ताईला दोन्ही पाठवल्या. तिचा फोन आला : आजीचं छान आहे रे, पण मला ती बदामवालीच आवडते, यात नुसती गडबड आहे.