किल्ला मोडताना

दिवाळीत किल्ला बांधण्याची मुलांची हौस सर्वश्रुत आहे. परंतु दिवाळी सरल्यावर तो लाथेसरशी पाडण्यात जो आनंद असतो, त्याचे वर्णन कोणी केलेले माझ्या वाचनात नाही. बाळकुमच्या आमच्या वसाहतीत हा सोहळा दरवर्षी होतो. गेल्या वर्षी मी त्यात विघ्न आणले. तीस वर्षे अध्यापन केले म्हणजे दुसऱ्यांच्या खेळात शिरून शिकविण्याची खोड मनुष्यास जडते.

मी मुलांस म्हणालो, 'समोरच्या इमारतीचा किल्ला तुम्ही मोडा, तुमचा ती मुले मोडतील. मात्र मोडावयाचा तो उत्खननासारखा, वरून खाली, एकेक थर.' कुदळीऐवजी चमचे आणि रंगाचे जुने कुंचले दिले, सोबत फूटपट्टी व वही. सापडलेल्या प्रत्येक वस्तूस एक गुण. पण जागा व खोली लिहिण्यापूर्वी ती उचलली, तर शून्य.

प्रथम सुकलेले आळीव निघाले, मग बुरुजावरचे मावळे, त्याखाली लाल माती, मग गोणपाट. माती आणि गोणपाट यांच्यामध्ये फटाक्यांच्या माळेचा जळका कागद सापडला, तेव्हा एका दहा वर्षांच्या मुलीने निर्णय दिला, 'काका, फटाके वाजायला लागल्यावर यांनी माती घातली. म्हणजे वसुबारसेला किल्ला तयार होता ही शुद्ध थाप!' समोरचे किल्लेदार खाली मान घालून हसले. फळ्यावर वर्षानुवर्षे काढलेल्या थरांच्या माझ्या आकृत्यांची मला थोडी लाज वाटली.

इतक्यात एका चिमुरड्याने तटाच्या आतून पितळी तोफ उपसली आणि ती उंच धरून धूम ठोकली. नियमाप्रमाणे शून्य. 'पण सापडली तर मलाच ना?' असे म्हणून तो रडू लागला.

त्याची समजूत घालावी म्हणून मी दायमाबादची गोष्ट काढली. प्रवरेकाठच्या त्या गावी 1974 मध्ये एका शेतकऱ्यास जमिनीत कांस्याच्या चार वस्तू सापडल्या: बैलजोडीचा रथ हाकणारा मनुष्य, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकूण वजन साठ किलोंहून अधिक. रथाला आणि गेंड्या-रेड्यांना चाकेसुद्धा आहेत. जणू राक्षसांच्या मुलांची खेळणी. परंतु त्या थरांच्या साक्षीने निघाल्या नाहीत, म्हणून त्या नेमक्या कोणत्या काळच्या याविषयी पंडितांत मतभेद पडले. मुलाला गेंडा आवडला. शून्य काही आवडले नाही.

मग मी मोठ्या ऐटीत घरातून एक डबा आणला. लहानपणी सोपाऱ्यास आजोळी विहीर खणत असता निघालेली खापरे त्यात आहेत. याच सोपाऱ्यास 1882 साली भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उघडला आणि एकात एक ठेवलेले करंडक कोणत्या क्रमाने निघाले, तेही नोंदवून ठेवले. माझ्या एका खापरावर निळसर झिलई आहे. ते हाती धरून समुद्रापलीकडच्या व्यापारावर मी कितीदा तरी बोललो असेन.

त्या मुलीने खापर उलटसुलट पाहिले. 'हे किती खोल होते, काका? आणि याच्याबरोबर काय होते?'

मी ते विहिरीच्या काठावरच्या ढिगातून उचलले होते आणि स्वच्छ धुतले होते, एवढेच मला सांगता आले. तिने वही उघडली, शेवटच्या ओळीत 'काका' असे लिहिले आणि पुढे शून्य मांडले. ते पाहून तोफवाला रडावयाचा थांबला.